वाकसाच्या खुणा

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा सुतार, आजोबा सुतार आणि मी सुताराची लेक. यातलं शेवटचं वाक्य मी पुण्यातल्या एका फर्निचर स्टुडिओच्या मुलाखतीत बोलले आणि समोर बसलेल्या सरांनी हातातला मोबाईल खाली ठेवला. डिझाइनच्या कॉलेजात चार वर्षं मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. तिथे ज्याचे त्याचे वडील इंजिनिअर नाहीतर बिल्डर. आता तेच वाक्य कामाला आलं म्हणून मला केवढा आनंद झाला होता! तेव्हाच जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

सर म्हणाले, "घरचं काही काम घेऊन ये, बघू." त्या रविवारी मी गावी, कोल्हारला आले. दादांच्या शेडमध्ये दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्लायवूड आणि तयार दारं आल्यापासून वर्षाकाठी एखादी बाज, कुणाच्या लग्नाचा पाट, एवढंच काम यायचं. कोपऱ्यात एक चौरंग पडून होता. दादांनी तो वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या छोट्या कुऱ्हाडीनं, तासून घेतला होता, पण एका पायाला चीर गेली म्हणून रंधा मारायच्या आधीच टाकून दिला होता. त्यावर ते चहाचा कप ठेवत. मी तो गोणपाटात गुंडाळला आणि एसटीतून पुण्याला नेला. मनात एवढंच होतं की जोडकाम तरी दिसेल. एकही खिळा नाही, लाकडाचं कुसू लाकडाच्या खाचेत घट्ट बसलेलं आणि त्यातून आरपार लाकडाचीच खुंटी.

सरांनी जोडकामाकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकसानं तासलं की लाकडावर उथळ खळगे पडतात, माशाच्या खवल्यांसारखे एकाशेजारी एक. सर त्यांवरून बोटं फिरवत राहिले. म्हणाले, "हेच. हा हात. मशिनच्या बापाला जमणार नाही हे. तुमच्या घराण्याची शैलीच आहे ना ही?"

मी "हो" म्हणाले.

वाकसाची खूण म्हणजे अर्धवट काम, हे सुताराच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या भागात, म्हणजे प्रवरेच्या दोन्ही काठांवरच्या पाच-सहा गावांत, सुतारांची एक रीत होती. अजूनही थोडी आहे. लग्नाचा पाट, देव्हारा किंवा घराची चौकट पुरी झाली की हळदकुंकू लावायच्या आधी दुसऱ्या गावचा सुतार बोलवायचा. त्यानं डोळे मिटून लाकडावरून उलटा हात फिरवायचा. तळहाताला घट्टे असतात, त्याला काही कळत नाही. हाताच्या पाठीला मात्र केसाएवढी खूणसुद्धा लागते. हात कुठे अडला तर काम परत रंध्याखाली. नाही अडला तर तो नुसतं "पानी हाय" म्हणायचा, म्हणजे पाण्यासारखं गुळगुळीत, आणि मग सगळे चहा प्यायचे.

दादांच्या कामाला आयुष्यात कुणाचा हात अडला नव्हता. उलट, हात फिरवायला पंचक्रोशीतून बोलावणं यायचं ते दादांना. तेवढाच त्यांचा माज, बाकी माणूस गरीब गाय. शनिशिंगणापूरकडचा कुणी सुतार भेटला तर मात्र चिडवल्याशिवाय सोडायचे नाहीत, "तुमचं बरं हाय बाबा. चौकट केली की सुटले, दाराची कटकटच न्हाई."

अशा माणसाचा टाकलेला चौरंग मी घराण्याची शैली म्हणून खपवला आणि मला नोकरी लागली.

स्टुडिओसाठी मी जी खुर्ची आखली ती मात्र मनापासून, हे सांगायलाच हवं. पेरणीची तिफण सुतार खिळ्याशिवाय जोडतो. पाचर ठोकली की घट्ट, पाचर काढली की सगळी सुटी. त्याच जोडावर मी एक बुटकी, ऐसपैस खुर्ची काढली. सुटी करून एकावर एक रचली तर एका टेम्पोत पन्नास मावतील अशी. लाकूड बाभळीचं. दादांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा, मग कागदावरच्या कुसवाची जाडी बोटानं मोजली.

"बाभळीची खुर्ची? बाभूळ औताला, गाडीला. घरात कोन घेतं?"

"पुण्यात घेतात, दादा."

"पुन्याचं काय सांगावं." असं म्हणून त्यांनी कागद खिशात घातला आणि चार दिवसांनी खुर्ची करून ठेवली. पाचर ठोकली, बसले, उठले, पाचर काढली, परत ठोकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोकं बरं चालतंय तुजं."

लहानपणी मला शेडमध्ये फक्त भुसा गोळा करायची परवानगी होती. करवत, पटाशी एक वेळ चालायचं, पण वाकसाला हात लावला की दादा ओरडायचे. बाईच्या हातात वाकस बरा दिसत नाही म्हणे. त्यामुळे लाकडाबद्दल दादा माझ्याशी बोलले ते बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा. मी आत जाऊन आईला सांगितलं आणि आईनं शेजारच्या घरात सांगितलं.

शिर्डीच्या एका नव्या हॉटेलनं चित्र आणि तो चौरंग बघून लॉबीसाठी तीस खुर्च्या मागवल्या. सरांची अट होती की काम कोल्हारच्याच शेडमध्ये व्हावं आणि माझ्या देखरेखीखाली व्हावं. म्हणजे ज्या गावातून मी अठराव्या वर्षी पळ काढला होता, त्याच गावात, त्याच खोलीत, त्याच पत्र्याखाली मी परत आले. समोर नगर-मनमाड रस्ता. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन पुलावर अडकायचे आणि त्यांच्यामागे शिर्डीला निघालेल्या गाड्या हॉर्न वाजवत उभ्या राहायच्या. त्या गाड्यांची मला गंमत वाटायची. त्या निदान तासाभरानं सुटायच्या.

पहिली खुर्ची मी सरांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. दादांनी ती रंधून, घासून अशी केली होती की बाभळीचा तांबूस रंग आतून वर आल्यासारखा दिसत होता. सर म्हणाले, "छान. पण खुणा कुठे आहेत?"

मी दादांना म्हणाले, "दादा, यापुढे रंधा मारू नका. वाकसाच्या खुणा तशाच राहू द्या."

ते हसले. म्हाताऱ्या बापाचे कष्ट वाचवायला म्हणतेय, असं वाटलं त्यांना. "असू दे गं. अजून हात हाय मला."

"तसं नाही. हॉटेलवाल्यांना तशाच पाहिजेत."

"अर्धवट?"

"व्हय," मी म्हणाले. त्यांच्याशी खोटं बोलताना माझ्या तोंडात आपोआप गावची बोली येते.

दादांनी प्रयत्न केला, खरंच केला. पुढची खुर्ची वाकसानं तासून बाजूला ठेवली आणि हात झटकले. मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर येते तर ते रंधा मारत होते, अर्धी पाठ गुळगुळीत झालेली. मला बघून ओशाळले. "हाताला कळंना," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डोक्यानं मान्य केलं होतं, हात ऐकत नव्हता. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

सरांना खरं सांगायचं म्हणून मी मेसेज टाइप केला आणि पुसला. खरं सांगितलं तर ऑर्डर जाणार, माझी नोकरी जाणार आणि शेडला परत कुलूप लागणार. सकाळी सातला शेडमधून रंध्याचा आवाज यायला लागल्यापासून आईच्या चेहऱ्यावर काय फरक पडला होता, ते मी बघत होते. आणि दादांना तरी काय सांगायचं? की तुमच्या उभ्या जन्माच्या कामातलं त्या माणसाला आवडलं ते तुम्ही टाकलेलं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशा वेळी माणूस सगळ्यात वाईट तेच करतो. मी तेच केलं.

दादा डोळे तपासायला लोणीला गेले त्या दिवशी मी वाकस उचलला. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये थोडा चालवला होता, पण तो मऊ लाकडावर. वाळलेली बाभूळ म्हणजे दगड. दुपारपर्यंत हाताला फोड आले. दादांनी पुऱ्या करून ठेवलेल्या सहा खुर्च्यांच्या पाठी आणि हात मी खुणांनी भरून टाकले. एकामागून एक, ओळीनं, नीट. प्रत्येक घावाला मला स्वतःची शिसारी येत होती आणि तरी खुणा सुबक पडाव्यात म्हणून मी जीवही काढत होते. माझ्या स्वभावाचं हे मला आजवर कळलेलं नाही.

संध्याकाळी दादा आले. एका खुर्चीसमोर उकिडवे बसले. डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले, नीट दिसत नसावं, म्हणून उलटा हात फिरवला. हात पहिल्याच खळग्यात अडला.

"कुनी केलं?"

"मी."

माझ्या हातांकडे त्यांनी पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडावं असं फार वाटत होतं. ते म्हणाले, "हळद लाव त्या फोडास्नी." मग कोपऱ्यातली गोणपाटं आणून त्यांनी सहाही खुर्च्या झाकल्या. रस्त्यानं जाणारा कुणी सुतार आत डोकावला तर त्याला दिसू नये म्हणून.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही कसे काढले ते कुणाला सांगून पटायचं नाही. दादा एक खुर्ची पुरी करायचे. नेहमीसारखी, पाण्यासारखी. डोळे मिटून तिच्यावरून स्वतःचा हात फिरवायचे. मग "जरा पुलापर्यंत जाऊन येतो" म्हणून निघून जायचे. मी ती खुर्ची खराब करायची. ते परत आले की तिच्यावर गोणपाट टाकायचे. याबद्दल आमच्यात एकदाही बोलणं झालं नाही. ते पुलावर नुसते उभे असतात, असं आई सांगायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. फरक एवढाच की आमच्याकडे मारणारी मी होते आणि तोंडही माझंच दाबलेलं होतं.

तीस खुर्च्या गेल्या. सर इतके खूश झाले की त्यांनी हॉटेलच्या उद्घाटनाला कारागिरांचा सत्कार ठेवला. "नुसते वडील नकोत. तुमच्या भागातले चार-पाच जुने सुतार आण. ती जी तुमची परंपरा आहे ना, ती लोकांना दिसली पाहिजे." मी म्हणाले, म्हातारी माणसं आहेत, येणार नाहीत. सर म्हणाले, गाडी पाठवतो. मी म्हणाले, कामं असतात. सर म्हणाले, अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न आहे. शेवटी फोन मीच केले.

त्यांत नदीपलीकडचे काका होते. दादा आणि ते एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. दादांच्या पाटावर हात फिरवायला काका यायचे, काकांच्या पाटावर दादा जायचे. त्यांच्यात भांडणं व्हायची, वर्षवर्ष अबोला असायचा, पण हात फिरवायला बोलावलं की दोघंही जायचे.

हॉटेलच्या लॉबीत इतका उजेड होता की म्हातारे दारातच थबकले. चपला काढू का, असं एकानं मला विचारलं. सगळ्यांना फेटे बांधले. खुर्च्या भिंतीच्या कडेनं ओळीत मांडलेल्या आणि प्रत्येकीवर बारीक दिवा सोडलेला. गोणपाटाखाली झाकून ठेवलेली प्रत्येक खूण त्या दिव्यात अगदी उघडी पडली होती. दादा खुर्च्यांकडे पाठ करून उभे राहिले.

सर हॉटेलच्या मालकांना घेऊन आले. काका तोवर एका खुर्चीपाशी गेले होते. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. लाकूड दिसलं की म्हाताऱ्याचा हात जातो, तसा गेला. डोळे मिटले, उलटा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि हात अडला. त्यांनी डोळे उघडले. शेजारच्या खुर्चीवर फिरवला, तिथेही अडला. तिसरीला त्यांनी हात लावला नाही.

ते दादांजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे तुजं काम हाय?"

सर तिथेच हसत उभे होते. मालक उभे होते. मी तर दोन हातांवर होते. दादांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा श्वास. माझं तोंड उघडलं असतं तर त्या श्वासात उघडायला हवं होतं. हे माझं काम आहे, त्यांनी केलेली खुर्ची पाण्यासारखी होती, एवढंच म्हणायचं होतं.

दादा म्हणाले, "व्हय, माजंच. हात चळतोय गड्या आता. डोळं बी गेलं."

काकांनी मान हलवली. "आसं हुतं," म्हणाले. "वय झालं." आणि त्यांनी दादांचा हात हातात घेतला, आजारी माणसाचा घेतात तसा. दादांनी घेऊ दिला. सरांना काय वाटलं कोण जाणे, ते फोटोग्राफरला म्हणाले, "हा घे, हा हातांचा घे." तो फोटो आता स्टुडिओच्या भिंतीवर आहे, माझ्या टेबलासमोर.

परत येताना गाडीत म्हातारे त्या हॉटेलातल्या जेवणाबद्दल बोलत होते. दादाही बोलत होते, नेहमीपेक्षा जास्तच. काका उतरताना त्यांना म्हणाले, "जपून राहा." इतक्या वर्षांत काका दादांशी कधी इतकं गोड बोलले नव्हते.

बोलावणं येणं बंद झालं. कुणी वाईट वागलं नाही. बाजारात भेटले की सगळे तब्येत विचारायचे, मोतीबिंदूला कुठला डॉक्टर बरा ते सांगायचे. काकांच्या नातीच्या लग्नाचा पाट झाला तेव्हा हात फिरवायला राहुरीकडचा एक सुतार आणला, हे आम्हाला लग्नात जेवताना कळलं. दादांनी जेवण टाकलं नाही, जिलेबीसुद्धा घेतली. घरी आल्यावर मी म्हणाले, "दादा, मी काकांना जाऊन खरं सांगते."

"काय सांगशील?"

"की खुणा मी केल्या."

"मंग ते म्हनतील, पोरगी बापाला झाकती. आन् वर तुजी नोकरी जाईल." त्यांनी पायातल्या चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. "एकाचं गेलं तेवढं पुरं."

मी गेले नाही. जाता आलं असतं, नदीपलीकडे दहा मिनिटांचा रस्ता आहे. नोकरीची भीती होती हे खरं, आणि दादांनीच नको म्हटलं हेही खरं. यातलं कुठलं कारण आधी मनात आलं, ते मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

पावसाळा संपता संपता सरांचा फोन आला. त्याच हॉटेलवाल्यांचं दुसरं हॉटेल उभं राहत होतं. साठ खुर्च्या. सर म्हणाले, "अगदी तोच हात पाहिजे हां. वडिलांना सांग." मी दादांना सांगितलं आणि मनात म्हणत होते, नाही म्हणा, एकदा तरी नाही म्हणा. ते म्हणाले, "बाभूळ बघाया पायजे."

पहिली खुर्ची झाली. दादांनी डोळे मिटून हात फिरवला. मी वाकस काढला आणि ते पुलाकडे निघायची वाट बघत उभी राहिले. ते गेले नाहीत. शेडच्या दारातलं लाकूड ओढून त्यावर बसले.

"मार," म्हणाले.

त्यांच्यासमोर माझा हात उचलेना. कसेबसे चार घाव घातले. दादा उठून जवळ आले, वाकून बघितलं, उलटा हात फिरवला आणि मान हलवली.

"सारख्या पडत्यात तुज्या खुना. कुनीबी जानता सांगंल, ह्यो धडधाकट हात हाय. हात चळलेल्या मान्साचा घाव एक खोल जातो, मंग एक वरच्यावर. काका परत कवा तिकडं गेला आन् त्यानं हात फिरवला, तर वळखंल."

मला ओरडावंसं वाटलं. वाकस फेकून रस्त्यावर पळत सुटावंसं वाटलं. दादा माझ्या मागे उभे राहिले, दांड्यावरच्या माझ्या मुठीवर त्यांनी आपली मूठ ठेवली. चोवीस वर्षांत त्यांनी माझ्या हातात वाकस असा पहिल्यांदा धरून दिला. त्यांचा हात जरासुद्धा कापत नव्हता. त्यांनी तो मुद्दाम कापवला, माझा हात त्याच्याबरोबर कापला आणि घाव तिरका, खोल गेला.

त्या खळग्यावरून त्यांनी उलटा हात फिरवला.

"आसं," ते म्हणाले. "आता माजं वाटतंय."